राजेश्वरला मी उचललेला भंडारा

माझ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाने राजेश्वर गावच्या शांताबाईंना फसवले, आणि तेही माझ्या तोंडून. हे त्यांना सांगायला मी अमेरिकेहून आलो आणि हैदराबादहून बीदरची बस धरली.

बीदरला तांबडी धूळ चष्म्यावर बसली. हुमनाबादला राजेश्वरकडे जाणारा जीपवाला “आत्ता निघायलीय” म्हणत कितीतरी वेळ बिडीच ओढत राहिला. माझे डोके फिरले.

“खोटं कामून बोललास?”

“अण्णा, खरं सांगितलो असतो तर तुमी बसला असता का?”

मी जीपमध्ये जाऊन बसलो.

कातडीपासून मूळपेशी आणि त्यांतून मेंदूच्या पेशी घडवण्याची विद्या मी पहिल्यांदा राजेश्वरला गेलो तेव्हा नवी होती. लठ्ठपणा आणि विस्मरणाचा आजार, दोन्ही त्यांवर तपासता येत. शांताबाईंचा मुलगा मल्लू लहानपणापासून कधीच पोटभर जेवला असे झाले नाही. भूक थांबतच नसे. त्याच्या दंडाची चिमूटभर कातडी मी मागितली. त्या म्हणाल्या, “भंडारा उचला.” भंडारा म्हणजे मैलार मल्लण्णाची (खंडोबाची) हळद, ती हातात घेऊन दिलेला शब्द इथे मोडत नाहीत. जे सापडेल ते आधी तुम्हाला, असे मी बोललो. उदगीरच्या बाजारात भाजी विकून शिकलेला मी, अशा शब्दाची किंमत जाणून होतो. प्रमुखाशी भांडून हीच एक अट मान्य करून घेतली होती. पुढे त्याने त्या पेशी औषध कंपनीला दिल्या. काहीतरी सापडले, एवढेच कळले. काय, ते मलाही दाखवेनात.

आता शांताबाईंच्या घरी ज्वारीची भाकरी आणि पुंडीची (अंबाडीची) भाजी समोर आली. भाकरीच्या पेटीला मल्लूसाठी घातलेले कुलूप अजून होते. किल्ली आता मल्लूच्याच कमरेला.

“डाक्टर,” तो हसला, “माझी भूक तिकडं बी खायलीय का?”

शांताबाईंच्या मांडीवर नात, मल्लूची लेक, भाकरीसाठी रडत होती.

“हिला बी तीच भूक हाय का, तेवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “लेकाला चोर म्हून लई मारले मी. हिला मारायचं न्हाई मला.”

“सापडलंय, अक्का. पण सांगायलेनात.”

“कोण?”

“आमचे साहेब. मल्लूच्या पेशी त्यांनी कंपनीला दिल्या.”

निघताना पाहुण्याच्या कपाळाला भंडारा लावायची इथली रीत. शांताबाईंनी वाटी आणली, माझ्याकडे पाहिले आणि ती तशीच देवापुढे ठेवून दिली.

परतीच्या बसमध्ये माझा हात सारखा कोरड्या कपाळाकडे जात होता. साहेब, भंडारा मी उचलला, पण मान तुम्ही डोलावली होती. नोकरी काढून घ्या, मी भांडणार नाही. त्या पोरीची भूक आजार आहे की हट्ट, हे कसे ओळखायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. राजेश्वरला या आणि शांताबाईंसमोर बसून सांगा.