पायमावशीनं धरलेला डूख

कुत्र्यांच्या त्या निवाऱ्यात तिला सगळे पायमावशी म्हणत. नाव ठेवलं डॉक्टरांनी, आणि ते चिकटलं. पिल्लांच्या खोलीच्या दारात ब्लीचच्या पाण्याचा एक पसरट टब असायचा. आत जाताना आणि बाहेर येताना त्यात बुटांचे तळवे बुडवायचे, हा नियम; रोग बुटांना चिकटून फिरतो म्हणून. कोणी विसरलं की मावशी असेल तिथून ओरडायची, "पाय!" मग देणगी द्यायला आलेल्या बाई असोत, नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर असो, की खुद्द डॉक्टर. एकदा तर संस्थेच्या अध्यक्षांना तिनं बोलता बोलता मध्येच अडवून टबात उभं केलं होतं, आणि त्यांनी उरलेलं बोलणं तिथूनच पुरं केलं.

त्याआधी वीस वर्षं ती एका इस्पितळात आया होती. तिथल्या मुख्य नर्सबाईंनी चारचौघांत तिच्यावर चादरी चोरल्याचा आळ घेतला. चादरी धोब्याकडे निघाल्या, पण बाईंनी चुकलं म्हणून काही म्हटलं नाही. पुढे बाई निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चांगली नऊ वर्षं, त्यांची खुर्ची डुगडुगत राहिली. सुताराकडून नीट करून आणली की दोन दिवसांत स्क्रू पुन्हा ढिला. मावशी तिच्या भावाकडे राहायची. तिची वहिनी शेजारणीला सांगायची, "साप परवडला, पण आमच्या वन्सं नकोत. साप निदान कात टाकताना तरी जुनं विसरत असेल."

अशा बाईच्या वाटेला तो दुकानदार गेला.

त्याचं पिल्लं विकायचं दुकान होतं. एक दिवस गाडीतून खोकं घेऊन आला. खोक्यात पाच पिल्लं. "जागा पुरत नाही मावशी, ही तुम्हालाच देऊन टाकतो. लसी सगळ्यांच्या झाल्यात," म्हणाला आणि शिक्के मारलेली पाच कार्डं पुढे केली. नवं पिल्लू आलं की चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं, हे मावशीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण वेगळ्या खोलीत त्या दिवशी नव्या फरश्या बसवलेल्या, सिमेंट ओलं. तिनं कार्डं पाहिली, शिक्के पाहिले, आणि पाचही पिल्लं मोठ्या खोलीत सोडली. घात झाला तो इथं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकानं ओकारी केली. दुपारी रक्ताचे जुलाब, आणि तो वास, जो एकदा नाकात बसला की जेवणाच्या ताटातही येतो. पार्व्हो. पिल्लांचा काळच तो. त्यावर हमखास औषध नाही. सलाइन लावायचं, ऊब द्यायची, पुसत राहायचं आणि वाट बघायची. मावशीनं हात मोडेपर्यंत पुसलं. दुकानदाराची तीन पिल्लं गेली आणि निवाऱ्यातली नऊ. त्यात मोजा होता. एका पायावर घोट्यापर्यंत पांढरा, म्हणून मोजा. तो तिच्या बाहीचं टोक तोंडात धरून गेला. ती बाही तिनं बराच वेळ सोडवली नाही.

दुकानदाराची दोन वाचली. त्यातल्या एकाचं तोंड उघडून डॉक्टर दात बघत बसले. मग कार्ड बघितलं, मग पुन्हा दात.

"मावशी, हे सहा-सात आठवड्यांचं आहे. आणि कार्डावर पहिली लस नऊ आठवड्यांपूर्वीची. आईच्या पोटात टोचली का काय?"

"म्हणजे कार्डं खोटी?"

"पाचही. मी लेखी तक्रार करतो. चौकशी होईल."

चौकशी! मावशीनं इस्पितळात वीस वर्षं चौकश्या पाहिल्या होत्या. चहा पिऊन लोक जातात आणि कागद कपाटात जातो. तिला चौकशी नको होती. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं, आणि ते जवळून बघायचं होतं. कार्डं पाहून गाफील राहिलो ते आपणच, हेही तिला ठाऊक होतं. पण स्वतःवरचा राग गिळायला कडू आणि दुसऱ्यावरचा गोड, तेव्हा तिनं गोड तेवढा घेतला.

तीन आठवड्यांनी तो माणूस आपल्या पायांनी आला. डॉक्टर बाहेर गेले होते.

"मावशी, ते पांढरं पिल्लू वाचलं म्हणे. माझ्याकडे त्याला गिऱ्हाईक आहे. परत द्या."

कुणी म्हणतं निर्लज्ज, कुणी म्हणतं कोडगा. मावशीला त्या घडीला दोन्ही शब्द अपुरे वाटले. पण ती हसली. "या ना साहेब, बघून तर घ्या," म्हणाली.

ती पुढे झाली आणि दारातला टब तिनं पायानं बाजूला सरकवला. सहज, वाटेत आला म्हणून सरकवावा तसा. दुकानदार आत गेला. त्याच पहाटे त्या खोलीतलं आणखी एक पिल्लू पार्व्होनं दगावलं होतं आणि फरशी अजून धुवायची होती. त्याच्या बुटांना जाड रबरी तळवे होते, खोल खोल खाचांचे. मावशी त्या खाचांकडे बघत राहिली.

"अजून अशक्त आहे हो. पंधरा दिवसांनी न्या," ती म्हणाली.

"बरं. नाहीतरी मला वेळ नाही. घरी कुत्री व्यायलीय. आठ पिल्लं, एकाहून एक! ही दुकानातली नाहीत हां, जपून ठेवलीत. दुकानातलं एक पिल्लू घरी नेत नाही मी."

"लस दिली?"

"पाच आठवड्यांची तर आहेत. देऊ की."

तो निघाला. दारापासून गाडीपर्यंत तीसेक पावलं. मावशीचा घसा आपसूक तयार झाला होता, सवयच तशी. दोन अक्षरं आणि एक काना. तिनं दात आवळले. तो गाडीत बसला, हात हलवला, तिनंही हलवला. मग तिनं टब जागेवर आणला, ताजं ब्लीच ओतलं आणि फरशी दोनदा धुतली.

त्या आठवड्यात ती दोन्ही वेळा पोटभर जेवली. वहिनी म्हणाली, "काय वन्सं, लॉटरी लागली का?" मावशी मनात दिवस मोजत होती. चौथा. पाचवा. आता एक सुस्त झालं असेल. सहावा. आता त्या माणसाला तो वास आला असेल. येऊ दे. जन्मभर येऊ दे.

अकराव्या दिवशी गाडी आली. मावशी हातातलं ओलं पोतेरं तसंच घेऊन बाहेर धावली. कितीतरी दिवस राखून ठेवलेलं बघायचं होतं तिला.

दुकानदाराचे डोळे कोरडे होते. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात पट्टा, पट्ट्याला कुत्री.

"आठही गेली हो. कुठून आलं कोण जाणे. रोग जमिनीत टिकतो, आता घरात वर्षभर पिल्लं चालायची नाहीत म्हणतात, मग हिला पोसून काय करू? आणि रात्रंदिवस रडते, कान किटले. ठेवून घ्या." पट्टा फाटकाला अडकवून तो मोबाइलवर बोलत गाडीत बसलासुद्धा. "हो हो, दुसरीकडून मागवतोय, महिनाभरात देतो," हे मावशीला ऐकू आलं.

मोठं कुत्रं, लस झालेलं, त्याला हा रोग सहसा धरत नाही. कुत्री ठणठणीत होती. फक्त तिची आचळं दगडासारखी झाली होती आणि दूध थेंब थेंब गळत होतं. मावशीनं पट्टा सोडला. कुत्री सरळ पिंजऱ्यांकडे गेली. एकेका पिंजऱ्याशी थांबून, नाक लावून, हुंगून पुढे. सगळे पिंजरे झाले. मग पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टर आले. दुकानदार कुत्री टाकून गेल्याचं मावशीनं सांगितलं. "थंड पाण्याची फडकी लावा. किती पिल्लं होती हिला?"

"आठ."

"त्यानं सांगितलं?"

"मी मारली," मावशी म्हणाली. "तो आत आला तेव्हा मी टब सरकवला. मुद्दाम. त्याला रडवायचं होतं मला."

तेवढ्यात कुत्री परत आली. तिनं मावशीच्या हातातलं पोतेरं हळूच दातांत धरलं आणि कोपऱ्यात नेलं. त्याच्याभोवती अंग वळवून ती बसली, नाकानं ते पोटाशी ढकललं आणि चाटू लागली. जरा वेळ चाटायची, मग मान वर करून मावशीकडे बघत शेपूट हलवायची.