व्याह्यांनी मागे घेतलेला ठराव

आमच्या व्याह्यांइतका शिस्तीचा, आणि त्याच शिस्तीने समोरच्याला तोंडात बोटं घालायला लावणारा माणूस इथे अमेरिकेत, आमच्या अख्ख्या शॉमबर्ग गावात दुसरा नाही. युरोपात एखादा असलाच, तर तो यांच्याच एखाद्या समितीवर असणार. आमच्या मुग्धाने जर्मन मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मला पहिला धक्का बसला, आणि मुलाचे वडील युरोपियन संसदेत खासदार आहेत हे कळल्यावर दुसरा. दिव्याची गाडी, चार अंगरक्षक असं काहीबाही मी डोळ्यांपुढे आणलं होतं. विमानतळावर प्रत्यक्षात अवतरले ते एक उंच, हडकुळे गृहस्थ, स्वतःची पत्र्याची ट्रंक स्वतः ओढत. घरी येताना मी त्यांना कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम विचारलं. "गवत कापायच्या यंत्राचा आवाज किती असावा, याचा नियम," ते अभिमानाने म्हणाले. "अकरा वर्षं लागली." मी मोठ्याने हसलो. ते हसले नाहीत.

लग्नात त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. त्यांच्या सभागृहात म्हणे माणशी एकच मिनिट मिळतं, मग माइक बंद. "माझ्या मुलाबद्दल शेवटी एवढंच सांगतो, की तो..." असं म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते शांतपणे खाली बसले. माझ्या बायकोने माझा दंड घट्ट धरला. "अहो, तो काय? मुलात काही खोट आहे का?" मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, "वेळ संपली." ते वाक्य आजतागायत अर्धवट आहे. विनोदाचं तर विचारूच नका. आयुष्यभर कानाला दुभाषे लावून बसल्यामुळे त्यांना चार सेकंद उशिरा हसायची सवय, त्यामुळे आमच्याकडे कुणी एखाद्याच्या आजारपणाची बातमी सांगत असताना ते नेमके मागच्या विनोदाला खदखदून हसतात.

तसा माणूस मोठा, पण मोठेपण कुठे दिसणार नाही याची काळजी घेतलेला. लहानशा गावच्या नगरपालिकेत पाणीपुरवठा बघत होते. पक्षाने उचलून ब्रुसेल्सला धाडलं. पंचवीस वर्षं तिथे राबले, तोवर गावचे लोक त्यांना विसरले. तिकडे मतं पक्षाला पडतात आणि पक्षाच्या यादीतली वरची काही नावं निवडून येतात. शेवटच्या निवडणुकीत पक्षाने यादीत त्यांचं नाव खाली सरकवलं, आणि जिथवर माणसं निवडून आली त्याच्या बरोबर खालच्या ओळीत हे. मी संतापलो. ते म्हणाले, "कुणीतरी त्या ओळीत असावंच लागतं."

पत्नी वारल्यावर ते इथे मुलाकडे राहायला आले. त्यांची संसद महिन्यातून एकदा सगळं बिऱ्हाड उचलून चार दिवस दुसऱ्या गावी भरते. तीच सवय अंगात मुरलेली. दर महिन्याला हे ट्रंक घेऊन चार दिवस आमच्या दारात हजर! आमचं घर मुलीच्या घरापासून दहा मिनिटांवर. बायकोला वाटलं, सुनेशी भांडून आले. "नाही, नाही," ते म्हणाले, "दोन्ही घरांचा मान राहिला पाहिजे, व्याही." हा शब्द त्यांना फार आवडतो. त्यांच्या भाषेत या नात्याला सुटसुटीत शब्दच नाही म्हणे.

आणि मग आमच्या नातीचा प्रश्न निघाला. सई तीन वर्षांची झाली तरी धड बोलेना. शाळेतल्या बाईंनी सुचवलं, घरात भाषा जरा कमी करा. "बाबा, एक तरी ड्रॉप करायलाच हवी यार," मुग्धा रडवेली होऊन म्हणाली. इंग्रजी सुटणार नव्हती. म्हणजे मराठी जाणार, नाहीतर जर्मन. शाळेचे दोन तास सोडले तर सईला दिवसभर माझी बायको सांभाळते. नातीशी इंग्रजीतून बोलायचं या कल्पनेनेच तिला जेवण जाईना. व्याह्यांनी रीतसर बैठक बोलावली, कार्यक्रमपत्रिका काढली, तिन्ही भाषांत. मराठी प्रत त्यांनी स्वतः हाताने लिहिली होती. मी घाबरलो. पंचवीस वर्षं वाटाघाटी केलेल्या माणसापुढे माझी काय डाळ शिजणार? तरी रविवारी खिशात मुद्दे घेऊन गेलो.

मी पहिला मुद्दा काढायच्या आत ते उभे राहिले. "जर्मनचा ठराव मी मागे घेतो. पोरीजवळ दिवसभर आजी असते. आजीने तिच्याशी परक्या भाषेत बोलणं बरं नाही." जावई चकित होऊन बापाकडे बघतच राहिला. "पण पपा, तुम्ही?" "मी इंग्रजी बोलेन. आजपासून लागू." त्यांनी इतिवृत्तात तसं लिहिलं, खाली सही केली. माझ्या बायकोला हुंदका फुटला. माझे मुद्दे खिशातच राहिले, आणि मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर त्यांनी तो नियम काटेकोर पाळला. सई हळूहळू बोलू लागली. "आजी, मला भात," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तेच पुढे होते.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे डोकावलो. सई त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. ते खिडकीशी उभं राहून हलके हलके डुलत होते आणि तिच्या कानाशी गुणगुणत होते. जर्मनमध्ये. मी जागीच थबकलो. हा माणूस, आणि नियम मोडतोय! मला पाहताच ते चपापले, चोरी पकडल्यासारखे लाल झाले. "माफ करा, व्याही," ते कुजबुजले. "ती झोपलेली आहे, म्हणून."

मी म्हणालो, "म्हणा हो. मी बाहेर थांबतो," आणि दार हळूच ओढून घेतलं.