तिन्ही अंगांनी मोजलेलं रान

“गुरुजी, माझ्या रानाला पोट कुठंय? नुसती बरगडी दिलीय मला!”

कोरड्या तळ्यात उभी राहून धोंडाबाई ओरडत होती. त्या आवाजानं धारूरच्या किल्ल्याचा एखादा दगड तरी नक्कीच ढळला असेल. तो दुष्काळ असा, की वडवणीच्या बाजारात कुणाचा गमछा ओला दिसला तर लोक वळून बघायचे. तळ्याच्या बुडात मात्र थोडी ओल होती. जनावरांसाठी तिथं मका पेरायचा, असं आमच्या दूध सोसायटीनं ठरवलं. तुकडे पाडले व्यंकट गुरुजींनी आणि वाटले चिठ्ठ्या टाकून. गुरुजींच्या गाईला ऐसपैस त्रिकोण निघाला, धोंडाबाईच्या म्हशींना शेजारचा तिरका, लांबडा.

व्यंकट गुरुजी आमचे गणिताचे मास्तर. उत्तर बरोबर आलं तरी शाबासकी नाही, “ताळा कुठंय बे?” एवढंच. एसटी कुठं जाणार हे ड्रायव्हरला विचारून झालं, की ते कंडक्टरलाही विचारत. स्वतःच्या लग्नात नवरीचं नाव त्यांनी सासऱ्याला विचारलं आणि मग सासूला वेगळं गाठून विचारलं म्हणतात.

गुरुजी दोर आणि अख्खा वर्ग घेऊन तळ्यात उतरले. पाया गुणिले उंची, भागिले दोन. मग दुसरी बाजू पाया धरली, मग तिसरी. आमच्या टाळक्यावर भाकरी भाजली असती, पण दोन्ही तुकड्यांचं उत्तर दर वेळी तेच.

“बाई, तुमचं रान तिरकं हाय, कमी न्हाई. तिन्ही अंगांनी विचारलं, त्यानं जबाब बदलला न्हाई.”

धोंडाबाई एकदम मऊ झाली. “म्हंजी दोन्ही सारखीच?”

“रेघभर फरक न्हाई.”

“मग तुमचं मला द्या, माझं तुमी घ्या.”

सोसायटीची माणसं गालात हसली. गुरुजींनी आपल्या तुकड्याकडं पाहिलं, मग आम्हा पोरांकडं, आणि स्वतःच्या हातानं आपली खुंटी उपटून पलीकडं ठोकली.

धोंडाबाईचा मका इतका माजला, की म्हैस आत गेली तर हाका मारून शोधावी लागे. गुरुजींचा घोट्याच्या वर आला नाही. गाय शेवटी सासुरवाडीला धाडावी लागली.

आता गुरुजी नाहीत. त्यांच्यासारखं मोजणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. पेन्शनीत निघाल्यावर एकदा पारावर बसले असताना मी भीतभीत विचारलं होतं, “गुरुजी, त्या दिवशी गणित कुठं चुकलं?”

“गणित बरोबर होतं,” ते म्हणाले. “खाली मुरूम होता. बाईनं उकरून बघितलं होतं, मी न्हाई.”