काकांच्या लेन्सवरचा लाल ठिपका

खरं सांगू? मी या ग्रुपवर आहे ती निव्वळ टाइमपास म्हणून. कोणी 'मागून पैंजणांचा आवाज आला' असं लिहिलं की मी ते नवऱ्याला वाचून दाखवते आणि चहा पिता पिता आम्ही दोघं हसतो. माझ्या आईचं तर ठरलेलं होतं... कोणी काही दिसलं म्हणालं की तिचा पहिला प्रश्न, "पित्त झालंय का?" अशा घरात वाढलेय मी. तेव्हा पुढचं वाचून तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी प्राची. नवीन पनवेलला राहते. लग्नं, हळदी, बारशी यांचे फोटो काढणं हा माझा धंदा. शिकले ती मोझेसकाकांकडे. जुन्या पनवेलमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. काका बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवार त्यांचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा वार. त्यामुळे स्टुडिओ रविवारी उघडा आणि शनिवारी कडकडीत बंद. शनिवारचं लग्न घेऊन कोणी आलं की काका सरळ हात जोडायचे, मग समोर कोणी का असेना. कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसायचे. शिकवणं म्हणाल तर एकच वाक्य — "आधी बघ. नीट बघून झालं की मग दाब." डोकं उठायचं माझं.

काका गेल्यावर रिबेकाकाकूंनी मला बोलावून त्यांची एक लेन्स दिली. जुनी, सगळी धातूची, हातात घेतली की वजन कळेल अशी. "तुला चालते का बघ," म्हणाल्या. माझ्या तेव्हाच्या कॅमेऱ्याला ती बसेना. त्यामुळे कपाटात पडून राहिली.

आता ज्यांना कॅमेऱ्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढे लागणार आहे. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असतो. लेन्समधून आलेलं चित्र त्या आरशावरून वर जातं आणि तुमच्या डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जातो आणि फोटो निघतो. नवीन मिररलेस कॅमेऱ्यात तो आरसाच काढून टाकलाय, आतल्या छोट्या स्क्रीनवर थेट चित्र दिसतं. आरसा गेला म्हणून मधली जागा मोकळी झाली. त्या जागेत अडॅप्टर नावाचं एक पोकळ कडं बसवलं की कुठल्याही जमान्यातली लेन्स लागते.

गेल्या वर्षी मी मिररलेस घेतला. नव्या लेन्सच्या किमती बघून डोळे पांढरे झाले, तेव्हा काकांची लेन्स आठवली. अडॅप्टर मागवला, लेन्स लावली आणि समोरच्या बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या साडीवर धरली. काय सांगू तुम्हाला... त्या लेन्समधून जे दिसतं ना, ते मऊ असतं. तिथल्या तिथे प्रेमात पडले.

या लेन्सला मोटर नाही. वायर नाही, बॅटरी नाही. कॅमेऱ्याला तर कळतही नाही की पुढे लेन्स आहे. फोकस करायचा तो हाताने, पुढची रिंग फिरवून. आणि आतलं ग्रीस जुनं होऊन रिंग एवढी घट्ट झालेली की दोन बोटांनी जोर लावावा लागतो. त्या रिंगवर एका जागी लाल रंगाचा छोटासा ठिपका होता. काकांनी कशाची तरी खूण केली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

काकांची शिस्त अशी की काम झालं की रिंग अनंतावर न्यायची, म्हणजे पार लांबचं दिसेल अशा टोकाला, आणि मगच लेन्स बॅगेत. माझ्या हाताला ती सवय लागलेली. तर रिंग अनंतावर ठेवून मी बॅग बंद करायचे, आणि दुसऱ्या दिवशी उघडली की रिंग त्या लाल ठिपक्यावर.

पहिल्यांदा वाटलं, मीच विसरले. मग नवऱ्यावर संशय घेतला. निखिलला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हात लावायची हौस दांडगी.

"तू लेन्सशी खेळतोस का रे?"

"मी? त्या बॅगेची चेनसुद्धा लागत नाही मला."

मग रिंगवर चिकटपट्टी लावून पाहिली. सकाळी पट्टी गुंडाळी होऊन बॅगेच्या तळाशी, रिंग ठिपक्यावर. मुंबईला एका जुन्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने फिरवून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, ही आपोआप फिरली असती तर बरं झालं असतं, माझ्या अंगठ्याचं हाड वाचलं असतं." ग्रीस बदलून देतो म्हणाला. का कोण जाणे, मी नको म्हटलं.

एकदा निखिलच सहज बोलला, "काल नाही हलली तुझी रिंग." म्हटलं, काल शनिवार. पुढच्या शनिवारी मुद्दाम बघितलं... रिंग जागच्या जागी. त्याच्या पुढच्यालाही तेच. बाकी सगळे वार ठिपका, शनिवारी सुट्टी. शनिवारी बंद काय असायचं, हे मला वेगळं सांगायला नको होतं. निखिल हसला नाही. त्या दिवसापासून आमचं तुमच्या पोस्टवर हसणं जरा कमी झालं.

भीती वाटली का? नाही वाटली, खरंच. काका होते ते. पण त्यांना काहीतरी हवं होतं आणि मला ते कळत नव्हतं, याचा त्रास व्हायला लागला.

तेवढ्यात रिबेकाकाकूंचा फोन आला. त्या आता पनवेलजवळ करंजाड्याला राहतात... राहायच्या. एकुलती एक लेक इस्राएलला, ती कधीची बोलावत होती. काकूंनी शेवटी हो म्हटलं होतं. जायच्या आधी घरी मलिदा ठेवलाय, ये म्हणाल्या. मलिदा म्हणजे त्यांच्यातली पूजाच समजा. काही शुभ असलं, लांबचा प्रवास असला की एलियाहू पैगंबराच्या नावाने गोड पोहे आणि फळं ठेवून प्रार्थना करतात. "चार फोटो काढ," म्हणाल्या, "तिकडे दाखवायला."

रविवारी दुपारी गेले. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, त्या छोट्या तिरक्या डबीला, काकू जाता येता बोटं लावून ओठांना टेकवत होत्या. सामान बरंचसं बांधून झालेलं. प्रार्थना झाली, सगळ्यांनी ओलं खोबरं घातलेले गोड पोहे खाल्ले, मी फोटो काढले. ते सगळे कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सने. हळूहळू पाहुणे गेले. काकू दमून खिडकीजवळ एका लाकडी स्टुलावर बसल्या. मी ते स्टूल लगेच ओळखलं. स्टुडिओतलं होतं.

म्हटलं आता विचारूच. बॅगेतून काकांची लेन्स काढली. निघताना अनंतावर ठेवलेली रिंग अर्थातच ठिपक्यावर होती. "काकू, हा लाल ठिपका कशाचा हो?"

काकूंनी चष्मा वर सारून बघितलं. "अगं, माझी नेलपॉलिश ती. ह्यांनी माझ्याच हातून लावून घेतली होती."

"कशासाठी?"

"गिऱ्हाईक आत केस विंचरत असायचं ना, तोवर हे मला या स्टुलावर बसवायचे. लाइट बघायचे, फोकस बघायचे. मग म्हणायचे, ऊठ. की मी उठायची आणि गिऱ्हाईक बसायचं. रोज रोज कुठे शोधायचं म्हणून ही खूण. मी बसले की फोकस इथे."

काकूंच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं.

"आख्खा जन्म मी त्या स्टुलावर बसले, प्राची. आणि ह्यांनी काढलेला माझा एक फोटो नाही. एकसुद्धा नाही. सगळ्या पनवेलचे पासपोर्टचे फोटो काढले ह्यांनी, आणि माझ्या पासपोर्टच्या वेळी मला समोरच्या दुकानात धाडलं. लोक हसले. मी भांडले, रडले. तर म्हणतात कसे, बटण दाबलं की तू जातेस."

"काय म्हणाले?"

"बटण दाबलं की तू जातेस. हे काय बोलणं झालं? मी विचारायचं सोडून दिलं. पण मनातून जात नाही गं. माझ्याकडे बघत होते की नुसता फोकस बघत होते? आता इथलं सगळं सोडून चालले, हे एवढं मात्र बरोबर येणार."

काकांचा स्टुडिओतला जुना कॅमेरा मी वापरलाय. त्याचा आरसा बटण दाबल्यावर वर जायचा तो वरच राहायचा. रोल पुढे ओढेपर्यंत डोळ्यापुढे मिट्ट काळोख. ज्याचा फोटो काढतोय तो माणूस नेमका त्याच क्षणी दिसेनासा व्हायचा.

मी काकूंसमोर खाली बसले आणि त्यांना आरशाचं सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं. कसं असणार, त्या कायम लेन्सच्या समोरच्या बाजूला बसलेल्या. "काकू," म्हटलं, "ते खरंच सांगत होते. बटण दाबलं की तुम्ही दिसायच्या बंद व्हायच्या. बाकी सगळ्यांचं चालायचं त्यांना. तुमचं नाही चालायचं."

काकू पदराने चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे वेडाच की हा माणूस." आणि रडू फुटलं त्यांना. मलाही रडू आवरेना.

डोळे पुसून मी लेन्स मिररलेसला लावली. काकूंनी पदर नीट केला आणि सवयीने ताठ बसल्या. "थोडी मागे सर. अजून. हां, तिथे उभे राहायचे ते."

डोळा लावला. रिंगला मी हात लावलेला नव्हता, तरी काकूंची एकेक पापणी स्पष्ट. यात काही विशेष नाही, अंतर तेच होतं, ठिपका तोच. पुढचं सांगते ते विशेष आहे. मी रिंगवर नुसती बोटं टेकवली. तेवढ्यात काकूंना हसू आलं आणि हसता हसता त्या पुढे वाकल्या. तशी ती घट्ट, दोन बोटांना न जुमानणारी रिंग माझ्या बोटांखाली हलकेच फिरली. मी फिरवली नाही. लोण्यासारखी फिरली आणि काकूंच्या डोळ्यांवर जाऊन थांबली. त्या मागे झाल्या, तशी तीही मागे आली. कोणीतरी बघत होतं, आणि बघणारी मी नव्हते.

मी बटण दाबलं. आत काळोख झाला नाही. काकू तिथेच होत्या, तशाच हसत.

"दिसतायत, काका," मी मोठ्याने म्हणाले. "गेल्या नाहीत."

काकू स्टुलावर तशाच बसून राहिल्या, मी 'उठा' म्हणेपर्यंत.

तो फोटो मी प्रिंट करून दिला. काकूंनी तो सामानात टाकला नाही, पर्समध्ये घेऊन गेल्या. निखिल म्हणतो, हवामानाने धातू आकसत असेल. मग शनिवारी का नाही आकसत, असं विचारलं की तो चहा ठेवायला उठतो. तुमच्यापैकी कोणी लेन्सवाला असेल तर त्याने खुशाल शोधून काढावं.

परवा काकूंचा व्हिडिओ कॉल आला होता. मागे भिंतीवर तो फोटो दिसत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ती रिंग फिरते का गं अजून?"

"नाही, काकू. तुमचा फोटो काढला तेव्हापासून नाही. अनंतावर ठेवते, तिथेच असते."

"आज शनिवार तर नाही ना?"

"नाही, काकू. मंगळवार आहे."

"बरं," म्हणाल्या. "मग झालं असेल त्यांचं बघून."