उतरता खांदा

टेलरमास्तरांच्या मुलाचा एक खांदा उतरता होता. बोटभरच, पण शिंप्याच्या नजरेतून सुटतोय कुठे! पोराला कोणी हसू नये म्हणून मास्तर त्याच्या प्रत्येक कोटाला त्या बाजूने कापसाची जाड गादी घालत. पोरगा कोट चढवून ऐटीत निघाला, की मास्तर स्वतःशीच गालात हसत.

तोच पोरगा पुढे फौजेत गेला आणि समुद्रापलीकडच्या लढाईत मारला गेला. तिथे कोण कोणाशी कशासाठी लढत होतं, हे मास्तरांना दोघा-तिघांनी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नाही.

आता चौकात त्याचा अर्धपुतळा बसणार होता. मातीचं काम आटोपत आलं, तेव्हा मूर्तिकाराने त्यांना बोलावून घेतलं.

"बघा मास्तर, कुठे चुकलंय का? उद्या साचा घ्यायचाय. मग हात लावता येणार नाही."

चेहरा फोटोबरहुकूम होता. पण खांदे सरळ.

"एक खांदा उतरता हवा," मास्तर म्हणाले.

"कोणता?"

मास्तरांनी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

फोटोंचा उपयोग नव्हता. कोटातल्या फोटोंत खांदे सरळच. ती मास्तरांचीच करामत. वर्दीतल्या एकुलत्या एका फोटोत खांद्याला बंदूक. कोट तर त्यांनी स्वतःच गरजूंना वाटून टाकले होते, आणि घरच्या माणसाचं माप कोण लिहून ठेवतो?

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं.

"डावा," भाजी निवडता निवडता ती म्हणाली. मग तिचा हात थांबला. "की समोरून बघताना डावा? थांबा हं."

"उजवा, बाबा!" मुलगी आतून ओरडली. "त्याच खांद्याला दप्तर अडकवायचा. सारखं घसरायचं."

"अगं, घसरायचं तर त्याच खांद्याला अडकवेल कशाला?"

"ते त्यालाच विचारा!"

बायको पुन्हा खाली मान घालून भाजी निवडू लागली.

संध्याकाळी मास्तर पुन्हा गेले. गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहत तसे पुतळ्यामागे उभे राहिले आणि दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवले. निदान हातांना तरी आठवेल, असं वाटलं होतं. माती गार होती.

"दोन्ही थोडे थोडे उतरवता येतील?"

"मग सरळच राहतील की हो, मास्तर."

"तेही खरंच." मास्तरांनी हात पुसले. "डावा करा."

मूर्तिकाराने अंगठ्याने माती दाबत नेली. मास्तर पुढे येऊन डोळे बारीक करून बघू लागले. वाटलं, हाच तो. पापणी लवली, आणि वाटलं, दुसराच कोणीतरी.

"जमलं?"

"असू दे."

बायको दारातच उभी होती.

"काय सांगितलंत?"

"डावा."

"बरं," ती म्हणाली. ते चपला काढून आत आले. तेव्हा ती हळूच म्हणाली, "अहो, मी सकाळी काय म्हणाले होते?"