पाईनच्या मातीचा राब

माझा नवरा विठू. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. एकोणीस वर्षं ह्या माणसाला भाकऱ्या थापून घातल्या, आता कसली भीड? आमच्या गडब गावात कुणालाही विचारा, विठू कसा हाय? आधी हसतील, मग म्हणतील, "हाताला गुण हाय त्याच्या." व्हय, हाय ना. वाळकी काडी रोवली तरी पालवी फुटते. पण तोंड? नुसती लवंगी मिरची. सख्ख्या भावाशी बांधावरून भांडला, सोयऱ्यांशी मानपानावरून भांडला, हायवेवरच्या चहावाल्याशी साखरेवरून भांडला. आणि घरात भांडायला मी होतेच.

त्याचा बाप मिठागरावर होता. बापाचे मिठानं फुटलेले पाय लहानपणापासून बघितलेले, म्हणून हा खाडीकडं कधी वळला नाय. भाताचे दोन तुकडे करायचे आणि रोह्याच्या एका कंपनीत माळीकाम करायचं. कंपनीत म्हणजे ठेकेदाराकडं. नऊ वर्षं झाली तरी ठेकेदाराकडंच. ठेकेदार बदलला की पुन्हा पहिल्यापासून हात जोडायचे. कायम माळ्याला खाकी कपडे, बूट, कँटीनमध्ये ताट. ह्यानं आपला डबा झाडाखाली खायचा. "एकदा कायम झालो ना विमल, मग बघ," एवढं एकच वाक्य तो माझ्याशी न भांडता बोलायचा.

चौऱ्याण्णव साली कंपनीत नवा साहेब आला. आधी कुठं तरी थंड डोंगरात नोकरीला होता म्हणे. त्याला इथलं गेट बघून कसंतरी झालं. गेटच्या दोन्ही बाजूंना पाईनची झाडं पायजेत, म्हणाला. पाईन! आंबा नको, जांभूळ नको, पाईन. त्यानं तिकडून बी मागवलं आणि मातीच्या दोन गोणी मागवल्या. कंपनीच्या आवारात धूर, वास, तिथं कोवळं रोप टिकणार नाय, म्हणून विठूला बोलावून सांगितलं, "साठ रोपं तुझ्या घरी वाढव. नीट जगली तर तुला कायमचं पत्र देतो."

त्या दिवशी विठू घरी आला तो पाय जमिनीला न लागता. फाल्गुन लागला होता. गोणी आमच्या पडवीत ठेवल्या आणि फर्मान काढलं, "कुणी हात लावायचा नाय. पोरीनं नाय, कोंबडीनं नाय, तू तर नायच नाय." बरं बाबा, नाय लावत. पण ती माती कसली, कशासाठी आणली, तिचं काय करायचं, ह्यातलं एक अक्षर त्यानं मला सांगितलं असेल तर शपथ. सांगितलं तर बायकोला अक्कल येईल ना!

पुढच्या आठवड्यात ठेकेदारानं त्याला सलग चार दिवस रोह्यातच ठेवून घेतलं. इकडं साठ काळ्या पिशव्या भरायच्या राहिलेल्या. म्हटलं, साहेबानं विचारलं, तर हा काय सांगणार? मी एक गोणी सोडली. अगो बाई! कुबट वास, आणि मातीभर पांढरे पांढरे तंतू, शिळ्या भाकरीला धरते तशी बुरशी. असल्या मातीत बी टाकलं तर उगवायच्या आधीच कुजेल, आणि मग कसलं पत्र आणि कसलं काय.

आता आमच्याकडं फाल्गुनात कुणाचंही शेत बघा. भाताची रोपं जिथं करायची तिथं आधी राब भाजायचा. शेण पसरायचं, त्यावर वाळका पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. तण जळतं, कीड जळते, राखेनं रोप जोमानं वर येतं. माझ्या आईनं केलं, तिच्या आईनं केलं. आमच्या राबाचा पालापाचोळा रचून ठेवलेलाच होता. मी दोन्ही गोणी अंगणात रिकाम्या केल्या आणि त्या मातीचा झकास राब भाजला. दुपारभर उन्हात बसून राखलं. निवल्यावर चाळली, साठच्या साठ पिशव्या भरल्या.

चौथ्या दिवशी विठू आला. पिशव्या बघून आधी ओरडायला तोंड उघडलंन. मी म्हटलं, "आधी माती बघा, मग काय बोलायचं ते बोला. बुरशी होती नुसती. राब भाजला मी."

त्यानं एका पिशवीत हात घातला. माती मुठीत घेतली, चुरली, वास घेतला. काळीभोर, भुसभुशीत. आणि म्हणाला, "बरं केलंस गो."

चौदा वर्षांत पहिल्यांदा! खरं सांगते, त्या रात्रीची भाजी मी त्याच्या आवडीची केली.

बी उगवलं. काय गोड दिसायचं ते! हिरव्या सुयांचा एवढासा झुपका, आणि डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं. विठू सकाळी उठला की आधी रोपं मोजायचा, मग तोंड धुवायचा. शेजारचा गोविंदा येऊन म्हणाला, "अरे, हे तर आपलं सुरूचं झाड. अलिबागच्या किनाऱ्यावर रानभर हाय." झालं! विठूनं त्याला अंगणातून हाकलला. पुन्हा म्हणून पाय ठेवू दिला नाय.

पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून पिशव्या फळीवर चढवल्या, वर झावळ्यांचं छप्पर केलं. पण रोपं बोटभर झाली आणि तिथंच थांबली. गणपती आले, गेले, रोप बोटभरच. सुया पिवळ्या, मग टोकाला जांभळ्या. विठूनं शेणपाणी घातलं, युरिया घातला, सुकटीचा चुरा कुजवून घातला. घरभर घाण सुटली. आठवड्याला चार-पाच रोपं माना टाकायची. आणि प्रत्येक मेलेल्या रोपाला कुणीतरी गुन्हेगार लागायचा. आधी गोविंदाची नजर. मग माझी नजर. मग मी पाणी जास्त घातलं, मग कमी घातलं. विटाळशी असताना मी फळीजवळून गेले म्हणून एकदा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा बोंबलला. मी पण सोडलं नाय. म्हटलं, "जळले मेले तुमचे पाईन! नऊ वर्षं झाडाखाली डबा खाताय, अजून नऊ खा!" ते मात्र त्याला लागलं. दोन दिवस जेवला नाय.

दिवाळीनंतर साहेब स्वतः आला, जीप घेऊन. सगळी आळी गोळा झाली. साठातली सतरा उरलेली. साहेबानं एक पिशवी हातानं फाडली, मुळं बघितली, माती बोटांवर घेतली.

"ही राख कसली?"

विठू फळीवरच्या पिशव्या सरळ करायला लागला.

"मी पाठवलेली माती कुठं आहे? तुला सांगितलं होतं ना, ही माती जिवंत आहे, ओलसर ठेव, सावलीत ठेव, जप? त्यातल्या पांढऱ्या तंतूंवरच तर हे झाड जगतं. ते नसले तर पाईन उगवतो, पण वाढत नाही. कोणी जाळली ही?"

सांगितलं होतं! ह्याला सगळं सांगितलं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विठूकडं बघितलं. आणि त्या माणसानं माझ्याकडं बोट केलं.

"बायकोनं, साहेब. अडाणी बाई हाय. मी डूटीवर होतो."

"आणि तू आल्यावर बघितलं नाहीस? हे बघ विठू, माळ्याला माहीत असून त्यानं चालवून घेतलं असेल, तर मला असला माळी नको. कायम तर सोडच, उद्यापासून येऊही नकोस."

विठूचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला. साहेब माझ्याकडं वळला. "बाई, तुम्ही सांगा. ह्याला माहीत होतं?"

माझ्या जिभेवर होतं सगळं. मुठीत माती घेतली, वास घेतला, काय म्हणाला, सगळं. चारचौघांत अडाणी म्हणाला होता मेला. एका वाक्यात त्याची नऊ वर्षं मातीत घातली असती मी. पण मला तो झाडाखालचा डबा दिसला.

"नाय साहेब," मी म्हटलं. "ह्यांना कायच माहीत नव्हतं. मी भाजली, भरली, आणि सांगितलं नाय. माझीच चूक."

साहेबानं हाताची माती झटकली. मग म्हणाला, "ठीक आहे. पुन्हा बी आणि माती मागवतो. पण ह्या खेपेला चुलीपासून लांब ठेवा." सगळी आळी हसली. विठू सगळ्यात जोरात हसला.

दुसऱ्या खेपेचं बी आणि माती आली. ती मी हातानं प्रत्येक पिशवीत मूठ मूठ घातली, कारण विठूला पाठदुखी झाली होती. रोपं सरसर वाढली. दोन वर्षं पाणी मी घातलं, तण मी काढलं, शेळ्या मी हाकलल्या. शहाण्णवच्या दिवाळीला रोपं ट्रकमधून रोह्याला गेली आणि विठूला पत्र मिळालं. कायम झाला. मला आनंद झाला नाय असं कसं म्हणू? झाला. मी देवापुढं साखर ठेवली.

पण त्यानं काय केलं म्हणाल? ती गोष्ट घेऊन गावोगाव फिरला. लग्नात, बारशात, वडखळच्या नाक्यावर, जिथं चार टाळकी दिसली तिथं सुरू. "आमच्या बायकोनं पाईनच्या मातीचा राब भाजला! साहेब म्हणतो माती जिवंत हाय, आणि ही घालते आग!" लोक पोट धरून हसायचे. पहिल्या वर्षी मी मूग गिळून गप्प बसले. म्हटलं, हौस फिटेल. कसली फिटतेय! वर्षावर्षाला त्यात मीठमसाला वाढत गेला. शेवटी शेवटी तर तो मला अडवायला रोह्याहून धावत आला होता, असंही सांगायला लागला.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना बोलावलं. जेवण, खेळ, बक्षिसं. मी आणि आमची प्रणिता, अकरा वर्षांची, एसटीनं गेलो. गेटपाशी पाईन उभे, माझ्या डोक्याच्या वर गेलेले. मी एकाला हात लावला, तर वॉचमन म्हणतो, "मावशी, तुम्हीच का त्या राबवाल्या? काडीपेटी नाय ना आणली?" तेवढ्यात विठू चार सोबत्यांना घेऊन आला. खाकी कपडे, बूट, छाती पुढं. "हीच ती!" म्हणाला. सगळे हसले. आणि माझी प्रणिता, माझ्या हाताला धरून उभी असलेली, तीपण खुदकन हसली.

तिच्या हसण्यानं मात्र माझं काळीज चिरलं. मी तिथंच, गेटमध्ये, सगळ्यांसमोर म्हटलं, "राब मी भाजला, व्हय. पण ह्यांनी येऊन माती मुठीत घेतली, आणि बरं केलंस म्हणाले. साहेबांनी बजावलेलं ह्यांनाच ठाऊक होतं, मला नाय. साहेबांपुढं मी खोटं बोलले, ह्यांच्या पत्रासाठी. आता विचारा ह्यांना."

सगळे विठूकडं बघायला लागले. तो मान हलवून म्हणाला, "बघा, अजून पण आपलंच खरं करतेय." आणि हसला. मग तेपण हसले. माझ्या बाजूनं एक माणूस बोलला नाय.

घरी आलो. रात्री त्याला वाढलं. त्यानं पहिला घास तोंडात घातला आणि ताटाकडं बघतच म्हणाला, "लोकांसमोर काढायला नको होतंस."

"मग आता लोकांसमोर खरं सांगा," मी म्हटलं. "एकदाच. गोविंदासमोर सांगितलं तरी चालेल. नायतर निदान प्रणितासमोर सांगा. ती जागी हाय, आता हाक मारते."

त्यानं भात कालवला. मग म्हणाला, "ते नाय जमायचं गो."

मी त्याला आमटी वाढली. माझं ताट उचललं आणि पडवीत जाऊन जेवले. थोड्या वेळानं प्रणिता अंथरुणातून उठून आली आणि माझ्या शेजारी बसली. तेव्हापासून तो आत जेवतो आणि मी पडवीत जेवते.