एकाच पाण्यातले कपडे

ज्या मशीनचं दार एकदा लागलं की आपल्याला उघडता येत नाही, त्याच्यावर माझा विश्वास नाही. तासभर आत काय चाललंय ते कळत नाही आणि शेवटी शिट्टी वाजवून ते कपडे आपल्या हातात देतं. सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाने तसलं एक ठेवलं होतं. महिन्याभरात मी त्याच्यावर कुंड्या मांडल्या.

माझं पहिलं ट्विन-टब मायदेशी निघालेल्या एका इंग्रज बाईकडून आलं. आपल्याकडे ज्याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात, त्याची ही विलायती आजी. एका बाजूला धुवायचा टब, दुसऱ्या बाजूला पिळायचा, आणि झाकण उघडून हवं तेव्हा आत डोकावता येतं. मग नादच लागला. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर मला नोकरी करता येत नव्हती, नवरा सकाळीच पाया लेबारला ऑफिसात जायचा आणि मी जुन्या सामानाच्या जाहिराती चाळत बसायचे. तीन वर्षांत घरात दोन ट्विन-टब आणि नुसते पिळायचे तीन उभे स्पिनर झाले. "इथे आपण राहतो की ही राहतात?" असं नवरा विचारायचा.

जुनं मशीन बघायला गेले की मी आधी विकणाऱ्याचं तोंड बघते. "एकाच हातातलं आहे, फार वापरलेलं नाही" म्हणणारे एकजात थापाडे. मी टबात नाक खुपसते, काठाखाली बोट फिरवून गंज चाचपते, ड्रम हाताने फिरवून कान लावते. झाकण उचलल्यावर ड्रम लगेच थांबला नाही, तर मी सरळ घरी येते. यिशुन भागातल्या एका अंकलने "कॅन, कॅन, स्टिल गुड लाह" म्हणत मला एक दाखवलं. मी मागचा पत्रा काढायला लावला, तर आत झुरळांचं अख्खं बिऱ्हाड. त्याला माहीत नव्हतं म्हणे. मला ते अजून पटलेलं नाही.

कपड्यांचंही तेच. प्रत्येक कपडा उलगडून, खिसे उलटे करून, डाग बघूनच मी पाण्यात टाकते. नवऱ्याच्या खिशातल्या पावत्या वाचते, हेही कबूल करून टाकते.

ट्विन-टबची पद्धत अशी, की गरम साबणाचं पाणी एकदाच भरायचं. आधी पांढरे कपडे, मग फिके, मग गडद, शेवटी पायपुसणी. एकाच तेलात भजी तळावीत तसे चार घाणे निघतात. खळबळायचं ते मात्र शेवटी चांगल्या पाण्यात.

सासरे गेले त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे आल्या. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या कशा राहणार, हा नवऱ्याला घोर होता. त्याला त्यांना कायमचं इथे ठेवून घ्यायचं होतं. "तीन महिने बघते, मग ठरवू," त्या म्हणाल्या. ते बरंचसं माझ्यावर ठरणार, हे मला कळत होतं. त्या घरात आलेल्या मला आवडलंही होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टबात वाकून पाहिलं. "सगळ्यांचं एकाच पाण्यात?"

"शेवटी चांगल्या पाण्यातून काढते ना, आई."

त्या पदर सावरून खोलीत निघून गेल्या. ते मला खुपलं.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की तीन स्पिनरांपैकी लहान, जर्मन स्पिनरला कुणीतरी हात लावतंय. तोटीखालची बादली मी डावीकडे सरकवून ठेवते, ती मध्ये आलेली. कपड्यांवर दाबून बसवायची रबराची चकती मी उलटी ठेवते, ती सुलटी. शिवाय स्पिनर ज्या जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आला होता, ते मी घडी करून कपाटामागे ठेवलं होतं. तेही गायब.

"तू टाकलंस," मी नवऱ्याला म्हटलं.

"ते तिथे होतं हेच मला माहीत नाही."

असं म्हणणारा माणूस मला नेहमीच दोषी वाटतो. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी झाकणाच्या खिट्टीला शिवणाचा दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोरा तुटलेला होता. दिवसा घरात आम्ही दोघीच.

पुढच्या दिवशी, यिशुनला मशीन बघायला जाते असं सांगून मी निघाले, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनपर्यंत गेले आणि परत फिरले. सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही हात स्पिनरच्या झाकणावर, अगदी मी ठेवते तसे. तोटीतून बादलीत पाणी पडत होतं. आत त्यांची चादर होती.

"आई, हे काय?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग मान वर करून म्हणाल्या, "मला नाही बाई चालत तुझं ते एकच पाणी. माझं मी वेगळं धुते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. संध्याकाळी नवरा बूट काढतोय तोवर मी सगळं सासूबाईंसमोरच ओकून टाकलं. दोऱ्याचंही सांगितलं. "आपल्या पाण्याचा विटाळ होतो आईंना," असं म्हटलं.

"आई, अगं, इथे हे सोवळंओवळं कशाला?" नवरा म्हणाला.

"नाही करणार," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघ."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताटं घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इमारतीखालच्या बाकावर बसायला गेल्या आणि मी त्यांच्या खोलीत शिरले. आणखी काय काय वेगळं ठेवलंय ते मला बघायचं होतं. पलंगावरची चादर ताणून बसवलेली. मी कोपरा उचलला. खाली माझं जाड प्लॅस्टिक होतं. पलंगाच्या मापाने कापलेलं, स्वच्छ पुसलेलं, कडा नीट आत मुडपलेल्या. उशीखाली जुन्या सुती साडीच्या फाडून केलेल्या घड्या होत्या. टबात वाकते तशी मी गादीवर वाकले आणि वास घेतला. साबणाचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा, बाळाच्या दुपट्यांना येतो तसा.

मी तिथेच बसले. त्या अर्धा कप चहा तसाच ठेवायच्या, तो माझ्या हातचा आवडत नाही म्हणून, असं मी धरून चालले होते. एमआरटीने लांब कुठे जायचं म्हटलं की त्यांचं डोकं दुखायचं, ते मला नाटक वाटलं होतं. आणि काल मुलासमोर सोवळ्याचा आळ त्यांनी मुकाट्याने घेतला, कारण खरं सांगण्यापेक्षा तो त्यांना सोपा होता. माझी मलाच लाज वाटली. मी प्लॅस्टिकच्या कडा होत्या तशाच मुडपल्या, चादर ताणली. दुसऱ्याच्या वस्तू उचकून परत जशाच्या तशा ठेवणं मला चांगलं जमतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "लहान स्पिनर आईंच्या खोलीत ठेवतेय. स्वयंपाकघरात तो फार नाचतो. आणि आईंचं बरोबर होतं, मी पाणी फारच वेळा वापरते."

"काल तर तू..."

"काल मी रागात होते."

सासूबाई ताटात बघत होत्या. स्पिनर खोलीत नेल्यावर मी एवढंच सांगितलं, "चादर गोल, कडेकडेने बसवा, आई. मग हलत नाही." त्यांनी मान डोलावली. तिकिटाचा विषय मी काढला नाही. काढायची हिंमतच नव्हती.

आठेक दिवसांनी मी पांढऱ्या कपड्यांचं पाणी भरत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात चादरीची गुंडाळी होती, आणि ती धुतलेली नव्हती.

"आज हात दुखतायत," त्या म्हणाल्या. "तुझ्याच पाण्यात टाक. चालेल ना?"

"चालेल की."

"आणि त्याला म्हणावं, तिकीट नको बघूस."

मी गुंडाळी घेतली. ती उलगडली नाही, बघितली नाही. तशीच पाण्यात सोडली आणि झाकण लावलं.